सात नंबरचा नमुना

सात नंबरचा नमुना कोणाचा, हे त्या प्रयोगशाळेत फक्त तिलाच ठाऊक होतं. तो तिचाच होता.

ती वर्षभरासाठी परदेशी आली होती. ऑक्सिजन कमी पडला की शरीराला सावध करणारी जनुकं शोधायचं काम. तुलनेसाठी सात धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. सहा जण मिळाले, सातवा मिळेना, तेव्हा रक्त घेणाऱ्या नर्सपुढे तिनं हसत स्वतःचाच दंड धरला होता; नळीवर नाव नाही, फक्त नंबर. आता स्क्रीनवर सात नंबरच्या जनुकात दोष दिसत होता. तिनं तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच.

“जागेपणी काही व्हायचं नाही,” प्रमुख बाई म्हणाल्या. “पण गाढ झोपेत श्वास थांबला, तर या बिचाऱ्याला जागच येणार नाही.”

पुढचे तीन दिवस तिनं झोपेचा धसकाच घेतला. दर अर्ध्या तासाला गजर. चौथ्या दिवशी काम करतानाच तिला भोवळ आली आणि तिनं बाईंना खरं सांगून टाकलं. बाईंनी तिला तडक दवाखान्यात नेलं. घरात कोणी झोपेत गेलं होतं का, डॉक्टरांनी विचारलं. ती नाही म्हणाली. तरी विचारून घ्या, ते म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरून तिनं आईला फोन लावला. आधी गुडघेदुखीची चौकशी केली, मग सहज विचारल्यासारखं विचारलं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच आईनं सांगितलं. तुझ्याआधी एक मुलगा होता. सव्वा महिन्याचा. माझ्या कुशीत निजला, सकाळी निळा पडला होता. सासूबाई म्हणाल्या, झोपेत तू त्याच्या अंगावर गेलीस. सगळ्यांना ते पटलं. मलाही.

आईपासून काही लपवायचं हेही ती विसरली. रक्त, दोष, झोपेतला श्वास, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

“त्यालाही हेच असणार, आई.”

“तुला काही होणार नाही ना गं?”

रात्री नाकाला यंत्र लावून झोपायचं, मग धोका नाही, असं डॉक्टर म्हणालेत, तिनं सांगितलं. आईनं सुस्कारा सोडला. मग अगदी हळू, कोणी ऐकेल की काय अशा आवाजात तिनं विचारलं,

“म्हणजे माझ्या अंगाखाली नाही गेला तो?”