उपटलेली रोपं

दर रविवारी वसाहतीच्या बागेत मोठ्या माणसांना हौसेने फुकट बागकाम शिकवणाऱ्या बाई आज भलत्याच कडक होत्या. "एका कुंडीत एकच रोप ठेवायचं. बाकीची उपटून बादलीत टाका. दयामाया दाखवलीत तर एकही धड वाढणार नाही."

कुणाचा हात होईना. निवृत्त फौजदार टोमॅटोच्या इवल्याशा रोपांकडे बघत म्हणाले, "बाई, ह्या बिचाऱ्यांनी काय गुन्हा केलाय हो?"

"तुम्हीच असं म्हणायला लागलात तर झालंच!" म्हणत बाईंनी त्यांची रोपं स्वतःच उपटली.

वर्ग सुटला, पण फौजदारांना राहवेना. बाईंची नजर चुकवून दोनचार रोपं उचलावीत म्हणून ते परत आले, तर बादली जागेवर नव्हती. ती फाटकापाशी, बाईंच्या यजमानांच्या स्कूटरवर होती. वर ओला रुमाल अलगद पांघरलेला.

फौजदारांची नजर बादलीवर खिळलेली पाहून यजमान हळूच म्हणाले, "साहेब, हवी तेवढी न्या, पण गुपचूप. आधीच्या वर्गांतली रोपं लावून हिने घरातल्या कुंड्या संपवल्या, डबे संपवले, आज सकाळी माझा दाढीचा मगसुद्धा गेला."