दोरीवरचा टॉवेल

विकतचे पॅड न परवडणाऱ्या मुलींसाठी सत्यशीला मॅडम दर महिन्याला तांड्यावर जायच्या, स्वतः शिवलेले कापडी पॅड वाटायच्या आणि बजावायच्या, “धुतल्यावर उन्हात वाळवा, लपवू नका. माझे तर अंगणातल्या दोरीवर असतात.” आज दिग्रसच्या बाजाराला आलेली तांड्यावरची ममता पहिल्यांदाच त्यांच्या घरी आली, हसतच. “मॅडम, मी बी दोरीवर टाकला. याडी, माय माझी, मारायले धावली, बापानं काठीनं उचलून उकिरड्यावर फेकला. पण मी भ्याली नाही. म्हटलं, मॅडम बी घरी असाच वाळवते. आता दुसरा भेटन का?” “थांब, आणते,” म्हणून त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा वाऱ्यानं दोरीवरचा मोठा टॉवेल उडून खाली पडला होता. तो उचलायला वाकलेली ममता तिथंच थबकली होती. टॉवेलच्या आड चिमट्यांनी लावलेले दोन पॅड दुपार झाली तरी ओलेच होते. सत्यशीलांनी मान खाली घातली. घरात कुणी कधी टोकलं नव्हतं. वरून टॉवेल घालायची सवय त्यांची त्यांनाच लागली होती. एवढ्यात मागच्या दारातून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. ममतानं टॉवेल झटकला, पॅडवर नीट पसरला, दोन्ही टोकांना चिमटे लावले. “आजोबा येऊन राह्यले, मॅडम,” ती हळूच म्हणाली. “बरं केलंस,” सत्यशीला बोलून गेल्या, आणि हातातला नवा पॅडही नकळत पदराआड गेला.