पाचवं घर

"शिवम फकीर होनार नाई. विषय संपला!" किशोर ओरडला आणि हातातली चहाची कपबशी त्यानं ओट्यावर आदळली.

विषय कसा संपणार? समोर त्याची माय उभी होती, गोदाबाई. गेल्या वर्षी तिच्या नातवाच्या, शिवमच्या मेंदूत ताप गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा हीच बाई परतवाड्यापर्यंत एसटीनं, पुढं जीप पकडून गावी आली आणि कुर्बानच्या घरी बसणाऱ्या मोहरमच्या सवारीपुढे, त्या पंजापुढे, नवस बोलली. पोट्टं वाचू दे, त्याले फकीर करीन. म्हणजे गळ्यात हिरवा धागा, खांद्याला झोळी, पाच घरची भिक्षा आणि त्या गव्हाचा मलिदा सवारीला. गावात हे आजोबा-पणजोबापासून चालत आलेलं. पोट्टं वाचलं. आणि आता मोहरम आला होता.

पण किशोर आता गावातल्या नव्या मंडळाचा अध्यक्ष झालेला. 'आपली पोरं त्यांच्या दारात जाणार नाहीत' असं भर चौकात माइकवर तोच बोललेला. मग स्वतःच्याच पोराच्या गळ्यात धागा बांधायचा? लोक काय म्हणतील, या धास्तीनं त्याला आठवडाभर झोप नव्हती.

त्याची बहीण दामिनी अमरावतीच्या कॉलेजात निरनिराळ्या धर्मांविषयी शिकवते. तिच्यानं राहवेना. "दादा, लहानपनी तू बिमार होता, तवा मायनं तुह्यासाठी देवीचा जोगवा मागितला. तिथं परडी, इथं झोळी. तिथं बी पाच घरं, इथं बी पाच. सोताचं घर दोन्हीकडं चालत नाई. अन् तुह्या जोगव्याचं पाचवं घर कोनाचं होतं? कुर्बानचाचाचं! त्याच्या मायनं सूपभर जवारी वाढली होती."

"तवाची गोष्ट येगळी होती. तुह्यं शिकवनं तिकडं कॉलेजात."

"नवस मी बोलली रे बाप्पा," गोदाबाई म्हणाली. "देवापुढं खोटी पडू का मी?"

"पड!"

आता बोला! मायला असं म्हणतात? गोदाबाईच्या जिव्हारी लागलं ते. डोळे भरून आले, पण ती किशोरसमोर रडली नाही. तशीच उठली आणि तडक कुर्बानच्या घरी गेली.

"कुर्बानभाऊ, पोट्ट्याच्या बदली बुढी फकीर झाली तं चालते का?"

कुर्बान तिच्याकडे बघतच राहिला. "वयाची अट तं कोनी ठेवलीच नाई, भाभी. पर किशोर..."

"धागा आन."

झालं! गळ्यात हिरवा धागा, लुगड्यावर झोळी, आणि सत्तरीची गोदाबाई भरदुपारी गावात भिक्षेला निघाली. माणिकबाईनं ओंजळभर गहू घातले आणि पदरानं डोळे पुसले. धर्मपालनं पायलीच ओतली. नत्थुजी मंडळाचा माणूस, त्यानं तोंडावर दार लावलं. त्याच्या बायकोनं मागच्या दारातून झोळीत घातलं आणि वर नवऱ्याला ऐकू जाईल अशी शिवी हासडली. चौथं घर बुधाजीचं. तोवर अर्धा गाव गोदाबाईच्या मागं चालत होता.

मग ती आपल्याच गल्लीत वळली.

ओट्यावर किशोर मंडळाच्या पोरांना घेऊन बसला होता. दारात दामिनी उभी होती. गोदाबाई ओट्यापाशी येऊन थांबली आणि तिनं झोळी पसरली.

"भिक्षा वाढा."

किशोरचा चेहरा लाल झाला. "माय, घरात चाल. लय झाला तमाशा."

"भिक्षा वाढा. पाचवं घर हाय."

पाचवं? किशोरच्या जिवात जीव आला. बुढी चुकली होती! तो पोरांकडे बघून हसला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा बोलला, "गेला तुहा नवस वाया! सोताच्या घरची भिक्षा चालत नाई. इचार तुह्या दामिनीले!"

दामिनीनं मान खाली घातली.

गोदाबाईनं झोळी मात्र खाली घेतली नाही.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "ज्या घरानं मले 'खोटी पड' म्हनलं, ते माह्यं घर नोय. वाढा, मालक."