भरलेली हाडं

पडद्यावरचा हाडांचा फोटो पाहून डॉक्टर सामंत हसले. “कुमुदबाई, हाडं भरली! आता खुशाल पृथ्वीवर जा.”

चंद्रावरच्या वसाहतीत अंगाला वजनच फारसं नसल्यानं कुमुदबाईंची हाडं विरळ झाली होती. पृथ्वीवर पाऊल टेकताच खुबा मोडला असता. पण चिपळूणला एकट्या राहणाऱ्या थोरल्या बहिणीला भेटायचंच, म्हणून त्यांनी दोन वर्षं खांद्यांना ताणाचे पट्टे बांधून रोज व्यायाम केला होता.

“ताई गेल्या महिन्यात गेली, डॉक्टर.”

डॉक्टरांनी पडद्यावरचा फोटो मिटवला. मग हळूच म्हणाले, “यानातली जागा रद्द करू का?”

“नको. इथं तरी माझं कोण आहे? तिच्या अंगणात एकदा पुऱ्या वजनानं उभी राहीन.”