पुतळीचा सांगावा

चौथा सांगावाही आला नाही.

उसाच्या बांधावर ब्राह्मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. समोर राहीबाई, तळहातावर फोन, पाखराचं पिल्लू धरावं तसा. लॅपटॉप म्हणत होता, पाठवला. फोन गप्प.

ओढ्यापलीकडे, मैलभरावरच्या गोठ्यात पुतळी म्हैस दिवस भरून उभी होती. तिच्या शेपटीला काडेपेटीएवढं यंत्र बांधलेलं. कळा सुरू झाल्या की यंत्रानं कळवायचं आणि राहीबाईचा फोन वाजायचा, एवढंच त्या ॲपचं काम. रहिमतपूरच्या आसपास अकरा गोठ्यांत ते चोख चाललं होतं. बाराव्यात नाही. म्हणून ॲप बनवणारी ब्राह्मी आज पहिल्या गाडीनं सांगलीहून आली होती.

रेंज होती. बॅटरी होती. सगळ्या परवानग्या दिलेल्या होत्या. ॲप उघडं असलं की सांगावा यायचा. फोन कमरेच्या बटव्यात गेला की यायचा बंद.

उसाला पाणी देता देता राहीबाईच्या मालकांनी, हंबीररावांनी, खोऱ्यावर हनुवटी टेकली. "अठरा वर्सं मिल्ट्रीत सिग्नलला काढली म्या. बर्फाच्या डोंगरावरनं बोलत हुतो आमी. आन हितं गोठ्यातनं ओढ्यापतोर एक म्हस बोलंना!"

"आवं, तुमी दारं धरा," राहीबाई म्हणाली. "बर्फावरनं बोलत हुता, पर घरी कवा फोन लागला न्हाई तुमचा."

मग ब्राह्मीकडे वळून, हळूच, "मागल्या खेपेला मी हितंच हुते, बाळ. उसाचं पाचट वढत. घरी गेले तवा... रेडी हुती. पाय आडकून गेलेली. हात लावाया कोन न्हवतं."

ब्राह्मीनं लॅपटॉप पुढं ओढला. मग म्हणाली, "पुन्हा करूया, काकू. रोज रानात येताना फोन कसा ठेवता, अगदी तसाच ठेवा."

राहीबाईनं ॲप उघडून पाहिलं. मग अंगठा खालून वर ओढला. उघडी पानं ओळीनं पुढं आली. तिनं ती एकेक करून वर भिरकावली. पार रिकामा झालेला फोन बटव्यात सारला आणि नाडी ओढली.

"काकू, हे काय केलंत?"

"झाडून काढला."

"रोज?"

"रोज. रान गाठताना मागं काय पेटतं ठिवायचं न्हाई. चूल न्हाई, दिवा न्हाई. सासूची शिस्त. फोनबी त्यातलाच की."

चार दिवस ब्राह्मी सांगलीत, विश्रामबागेतल्या ऑफिसात, याच एका फोनसाठी डोकं धरून बसली होती.

"काकू, पान मिटलं तरी आत ते जागं राहायला हवं. तुम्ही झाडता तेव्हा या फोनमध्ये ते पार विझतं. मग पुतळीनं कितीही हाका मारल्या, तरी ऐकणारं कुणी नसतं."

राहीबाईचा हात बटव्यावर तसाच राहिला. "म्हंजी म्याच..."



"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," ब्राह्मी म्हणाली. "मीसुद्धा नाही."

राहीबाईनं बटव्याची नाडी सोडली. "रान गाठताना विझवायची चूल," ती म्हणाली, "पर निजताना न्हाई. निजताना निखारा राखंत झाकायचा. वरनं बघावं तर थंडगार. सकाळी फुकलं की जागा. असंच न्हवं?"

"असंच, काकू. अगदी असंच."

ब्राह्मीनं फोन घेतला, ॲपच्या पानावर बारीकसं कुलूप लावलं. "आता झाडा."

राहीबाईनं झाडलं. सगळी पानं गेली, एक राहिलं. फोन बटव्यात गेला. ब्राह्मीनं लॅपटॉपवर बोट दाबलं.

बटवा गुरगुरला. राहीबाईनं दोन्ही हातांनी कंबर धरली.

"आला गं! कुठनं आला हा?"

"इथून टॉवरला. तिथून समुद्राच्या तळातल्या तारेतून पार दुसऱ्या देशात. आणि तिथून परत तुमच्याकडं."

"येवढ्या वेळात?"

"एवढ्या वेळात."

हंबीरराव खोरं विसरून बांधावर आले. राहीबाईनं ओढ्यापलीकडे पाहिलं. गोठ्याचा पत्रा उन्हात चमकत होता. "हितनं गोठा दिसतूय," ती स्वतःशीच म्हणाली. "आन तिची हाक समुद्राखालनं यायची."

बटवा पुन्हा गुरगुरला.

"आनिक धाडलास व्हय, बाळ?"

ब्राह्मीनं लॅपटॉप केव्हाच मिटला होता. दोन्ही हात त्याच्यावर होते.

"मी नाही पाठवला, काकू."

मग पाणी तसंच उसात सोडून हंबीररावांनी मोटारसायकलला लाथ मारली. मधे ब्राह्मी, मागं राहीबाई, अनवाणी.

पुतळी भिंतीला रेलून उभी होती. एकच खूर बाहेर आला होता. पांढरा, ओला. दुसरा दिसत नव्हता.

"धरा हिला," म्हणत राहीबाईनं पदर खोचला, बांगड्या वर सारल्या, कोपरापर्यंत तेल लावलं. तिचा हात आत गेला. डोळे मिटले. ओठ हलत होते. हंबीरराव पुतळीच्या मानेला मिठी मारून उभे होते, आणि ब्राह्मीनं शेपटी बाजूला धरली होती.

"गावला," राहीबाई म्हणाली. "दुमडलाय. ये, बाबा. ये."

दोन खूर आले. त्यांच्यावर टेकलेलं नाक आलं. मग सगळंच एकदम, वाफाळत, पेंढ्यावर. रेडी होती. तिनं कान झाडले.

पुतळी वळून तिला चाटू लागली. शेपटी हलत होती, शेपटीवरचं यंत्र हलत होतं, आणि राहीबाईच्या कमरेला बटवा गुरगुरतच होता. तिनं ओल्या हातानं फोन काढला. सवयीनं अंगठा उचलला, आणि तसाच अधांतरी धरला.

मग तिनं फोन पदराखाली झाकला आणि म्हशीच्या कानाशी वाकली.

"पोचलं गं बाई," ती म्हणाली. "लय लांबनं आलं, पर पोचलं."