लंडनला निघालेली शेगडी

"ही शेगडी लंडनला न्यायची न्हाई," शीला म्हणाली, आणि चुडाव्यातल्या त्या माणसांनी भरलेल्या घरात सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

सासूच्या शब्दाला सुनेनं 'न्हाई' म्हणायची त्या घरात रीतच नव्हती. सासू केवळाबाई लंडनला लेकीच्या, राजेश्रीच्या, बाळंतपणाला निघाल्या होत्या. शेक-शेगडी केल्याशिवाय बाळाचं अंग भरत नाही, हे त्यांचं ठाम मत. तिकडच्या घरात निखारे पेटवता येत नाहीत, म्हणून त्यांनी विजेची कॉइलची शेगडी बॅगेत भरली होती. तिचा जाड पिनांचा प्लग परदेशी अडॅप्टरमध्ये बसेना. मग शीलाच्या नवऱ्यानं, रामकिशननं, तो कापून बारीक पिनांचा प्लग जोडून दिला. आपल्याकडं हे असंच चालतं. प्लग बसला की काम फत्ते.

शीला लग्नाआधी आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकली होती. पण सून खांबावर चढते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, या धास्तीनं केवळाबाईंनी ती शिवणकाम शिकल्याचं गावभर सांगून टाकलं. शीलानं ते मुकाट्यानं गिळलं. घरातला बल्बसुद्धा रामकिशनच बदलायचा, तोही शॉक खात खात.

आज मात्र तिला गप्प बसवेना. तान्ह्या बाळाच्या अंगाजवळ ही शेगडी पेटणार होती. तिनं समजावून सांगितलं, की अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. तो फोन-लॅपटॉपपुरता आहे, शेगडीचा भार त्याला सोसायचा नाही. निरोपाला आलेल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. नणंदेचं कौतुक हिच्या डोळ्यांत खुपतंय, असं एकीनं बोलूनही दाखवलं. शीलाला ते फार लागलं, पण ती हटली नाही.

"आत्याबाई, हितंच लावून बघू," ती म्हणाली. "अडॅप्टर टिकला तर शेगडी मीच बॅगेत भरून देते."

तिनं अडॅप्टरमधल्या आपल्याकडं चालणाऱ्या गोल पिना बाहेर काढून भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातल्या, शेगडी ओसरीवर मोकळ्या जागी ठेवली आणि स्वतः मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिली. कॉइल लालबुंद झाली. केवळाबाईंनी 'बघा' म्हटल्यासारखं सगळ्यांवरून नजर फिरवली. थोड्या वेळानं जळका वास सुटला. अडॅप्टर मेणासारखा वाकला, त्यातून धूर निघाला, आणि शीलानं मेन स्विच खाली ओढला.

नेमका तेव्हाच राजेश्रीचा फोन आला. आई, शेगडी घेतलीस ना, ती विचारत होती. केवळाबाई काळ्या पडलेल्या भिंतीकडं बघत राहिल्या. बायका कान टवकारून बसल्या. शीलानं खाली मान घातली. आता हिलाच बोल लागणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

केवळाबाईंनी साऱ्या घराला ऐकू जाईल असा आवाज चढवला.

"शेगडी तिकडंच घिऊ, पण शीलाला इचारून. माझी सून वायरमन हाय."