बर्फाची पिशवी

इस्त्रीवालीच्या स्तनात सुई होती. सुईचं तापलेलं टोक कर्करोगाची गाठ जाळत होतं आणि कातडी वाचावी म्हणून बर्फाची पिशवी ठेवली होती. हात पट्ट्याने बांधलेले. “हलू नका, चटका बसला तर सांगा,” डॉक्टरांनी बजावलं होतं. पिशवी घसरली. कातडी तापू लागली. सांगितलं तर काम अर्धवट सोडतील, मग अख्खा स्तन कापतील, असं तिच्या मनाने घेतलं. “मावशी, घाम कसला?” नर्सने विचारलं. “काही नाही गं. चटके आम्हाला रोजचेच.” बोलली खरी, पण दुकानातल्या नव्या मुलींना ती दटावायची ते आठवलं: जळका वास येईपर्यंत थांबलीस की कापड गेलंच. “भाजतंय,” ती पुटपुटली. डॉक्टरांनी मशीन थांबवलं, दुसऱ्या सुईने कातडीखाली गार पाणी सोडलं, पिशवी सरळ केली. “निवलं? मग उरलेली गाठ जाळू.” पट्ट्यातल्या हाताची आवळलेली मूठ तेवढी सुटली.